हनुवटी छातीला

झरी, जि. परभणी

प्रिय संघू,

जयभीम. पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. घरी सगळं आहे तसं आहे. तुझ्या पप्पांच्या पाठीची जखम सुकत आली आहे, दुधात कुस्करून दिली की भाकरी पोटभर खातात, आणि काळी शेळी व्यायली. हातात फोन असताना ही बाई पत्र काय लिहीत बसली, असं खोलीतल्या पोरींना सांगून तू हसशील. हस बापडी. फोन तुझ्या पप्पांच्या उशाशी असतो आणि आपल्या घरात कुजबुजायलासुद्धा दुसरी खोली नाही, हे परभणीला राहून विसरलीस की काय? जे लिहायचं आहे ते त्यांच्यासमोर बोलता येत नाही. म्हणून शाळेतली खिचडी उरकून, पातेली घासून, इथंच वऱ्हांड्यात भिंतीला टेकून बसले आहे. पोरं आत वर्गात पाढे म्हणत आहेत. मोठ्या बाईंनी कागद दिले.

पालमच्या जयंतीत तुझा कार्यक्रम ठरला हे ऐकून मला आनंदच झाला होता, खोटं कशाला बोलू. पोरीनं ढोलकी गळ्यात घालून स्टेजवर उभं राहायचं आणि पोस्टरवर तिचं नाव मधोमध, हे आमच्या उमेदीत कुणी पाहिलं नव्हतं. पण त्याच पोस्टरवर खाली 'धम्मानंद यांची गाजलेली पडी, आता त्यांच्या कन्येकडून' असं छापलंय, म्हणजे ढोलकीसकट मागं पडायचं ते. पडीच्या वेळी ओळ धरायला आई, तूच यायचं, असं तू म्हणालीस तेव्हा माझ्या तोंडून 'बघू' एवढंच निघालं. त्यावर तू बोललीस ते अजून कानात आहे. मी पोरगा असते तर पप्पांनी पडी कधीच शिकवली असती. तुम्ही दोघं तोंडानं बाबासाहेबांचं नाव घेता आणि घरात पोरीला मागं ठेवता. एवढं बोलून फोन आपटलास. तो सगळा दिवस मी पातेल्यांवर राग काढला. बापाच्या वळणावर गेलीस, मनातलं बोलायला निम्मी हयात आणि बोललीस की घाव. राग संध्याकाळपर्यंत गेला. भीती गेली नाही. संघू, तुला पडी शिकवली नाही याला तू मुलगी असणं कारण नाही. कारण दुसरं आहे आणि ते आजवर तुला कुणी सांगितलेलं नाही. मला सरळ शेवटाला जाता येत नाही, थोडं मागून यावं लागेल. मधेच कागद टाकून उठू नकोस.

तू लहान होतीस तेव्हा स्टेजच्या मागं शालीत झोपलेली असायचीस, आणि कळायला लागलं तेव्हा शिकायला मावशीकडं गेलीस. म्हणून पप्पांचं वाजवणं तू जास्त फोनमध्येच बघितलंस. ते नुसतं बसून वाजवत नव्हते. ढोलकीची दोरी दातात धरून, ढोलकी अधांतरी ठेवून वाजवायचे. गाणं चालू असताना ढोलकी वर फेकायचे आणि खाली आली की थाप नेमकी समेवर. पाठीवर निजून तळपायांवर ढोलकी गरगर फिरवायचे, तेव्हा बालाजीकाका बँजो वाजवायचा सोडून बघत राहायचा. मी गळा फाडून गात असायचे आणि माझ्याकडं बघायला कुणाला सवड नसायची. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी चिडून म्हटलं होतं, तुम्हाला गाणारी कशाला लागते, जोडीला एखादं माकड आणा. ते हसून म्हणाले, माकड ओळ धरीत न्हाई. त्यानंतर मी भांडले नाही. मला तेवढं पुरलं.

पण सगळ्यात गाजली ती पडी, आणि पडीवरून घरात जे झालं ते तुला ठाऊक नाही. तुझ्या आजोबांच्या वडिलांच्या खांद्यावर गावाची हलगी होती. कुणाचं लग्न असो की मयत, यांनी पुढं हलगी बडवत चालायचं, आणि झालं की मालकाच्या दारात धुळीत डोकं टेकून भाकरी मागायची. छप्पन साली धम्म घेतला तेव्हा त्यांनी ती हलगी विस्तवात घातली. तुझे आजोबा सटवाजी तेव्हा पोरसवदा होते. चामडं जळल्याचा वास त्यांना म्हातारपणीही आठवायचा. त्यानंतर आपल्या घरात कित्येक वर्षं कुणी वाद्याला बोट लावलं नाही. तुझ्या पप्पांनी ढोलकी आणली तेव्हा आजोबा कुरकुरले, पण पोरगा बाबासाहेबांची गाणी म्हणतो म्हणून गप्प बसले. पडी मात्र त्यांना सोसली नाही. आपला पोरगा एवढ्या लोकांसमोर ढोलकी घेऊन जमिनीवर पडतो हे बघून ते कार्यक्रमातून उठून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात म्हणाले, "आमी लोळायचं सोडलं, आन तू पुन्हा लोळायलास." तुझे पप्पा बापाला कधी उलट बोलायचे नाहीत. त्या दिवशी बोलले. "बा, मी पडून दाखवत न्हाई. मी उठून दाखवतो." आजोबांनी त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांच्या कार्यक्रमाला पाऊल ठेवलं नाही. एका ताटात जेवायचे, पण ढोलकीचं नाव निघालं की म्हातारा हात धुवायला उठायचा.

आता पडी कशी असायची ते नीट वाच, कारण व्हिडिओत दिसते तेवढीच ती नव्हती. गाणं रंगात आलं की ते ढोलकी गळ्यात बांधून, वाजवत वाजवत, कमरेतून मागं वाकायचे. वाकता वाकता टाळू स्टेजच्या फळीला टेकायची. डोकं नेहमी उघडं, टोपी नाही, रुमाल नाही. टाळूला फळी कळली की त्याच क्षणी हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची आणि खांद्यावरून आडवं व्हायचं. धाडकन जो आवाज यायचा तो ढोलकीचा असायचा, माणसाचा नाही. मग मेल्यागत पडून राहायचं. सगळी वाद्यं बंद. मी एकटीनं एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणायची, त्यांनीच जुळवलेली, 'ऊठ रं गड्या, उजाडलं, आता कोण निजतं?' मंडपात चिटपाखरू हलायचं नाही. म्हाताऱ्या बाया पदर तोंडाला लावायच्या. मग माझ्या ओळीच्या शेवटाला त्यांचं एक बोट ढोलकीवर टक्क वाजायचं. ते बोट म्हणजे आमची खूण होती, मी बरा आहे, उचला. बालाजी आणि आमचा टेम्पोवाला बजरंग दोन्ही हातांना धरून त्यांना वर ओढायचे, खांद्यावर घ्यायचे आणि तिथं बसून ते असे वाजवायचे की लोक बाकांवर उभे राहायचे. घरी सरावाला मी एकच मंत्र ऐकत आले, हनुवटी छातीला, हनुवटी छातीला. भाकरी खातानासुद्धा पुटपुटायचे. मी म्हणायचे, छातीला कशाला, कालवणात बुडवा.

देवगाव फाट्याच्या पलीकडं एका वस्तीवर नवं विहार बांधलं होतं, त्याचा कार्यक्रम होता. उन्हं कलली होती. त्या वस्तीवर आजोबांची बहीण दिलेली, म्हणून आजोबाही आलेले, आणि वयानं सगळ्यांत मोठे म्हणून त्यांना स्टेजवर खुर्ची दिली. लोकांनी त्यांना निळा फेटा बांधला. आमचं गाणं सुरू झालं. ढोलकी दातात झाली, वर फेकून झाली, आता पडीची वेळ आली. मी मनात म्हटलं, आता म्हातारा उठून जाणार. आजोबा उठलेच. पण गेले नाहीत. ते पुढं आले, आपल्या डोक्यावरचा फेटा काढला आणि सगळ्यांसमोर पोराच्या डोक्यावर ठेवून दाबून बसवला. म्हणाले, "आता उठून दाखव." एवढंच. संघू, तुझ्या पप्पांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहिलं, आणि मी गाणारी बाई, मला सूर सापडेना. आता तूच सांग, तो फेटा काढून बाजूला कोणता पोरगा ठेवील? मी असते तरी ठेवला नसता.

ते मागं वाकले. फेट्याच्या जाड वेढ्यांमुळं टाळूला फळी कळलीच नाही. फेटा टेकला, ते अजून फळीची वाट बघत होते, आणि अंगाचं सगळं वजन मानेवर आलं. हनुवटी छातीला लागली नाही, आभाळाकडं राहिली. ढोलकी वाजली धाडकन, नेहमीसारखी. मी ओळ धरली. ऊठ रं गड्या, उजाडलं. बोट वाजेना. पुन्हा म्हटली. मला वाटलं, आज बाप समोर बसलाय म्हणून ताणत आहेत. लोकांनाही तेच वाटलं, शिट्ट्या सुरू झाल्या. मी म्हणत राहिले, कारण बोट वाजेपर्यंत ओळ सोडायची नाही हाच आमचा नेम. मग बोट वाजलं. ओळीच्या शेवटाला नाही, मधेच कुठंतरी, आंधळ्यानं दार चाचपावं तसं. समेला हा माणूस कधी चुकला नव्हता. मला खटकलं, पण खूण मिळाली म्हणून बालाजी-बजरंगनं हात धरून त्यांना वर ओढलंही होतं. डोकं एकदा मागं गेलं आणि एकदा पुढं. खांद्यावर घेतल्यावर त्यांनी ढोलकी वाजवली नाही, नुसते हसत होते. लोकांना वाटलं, भरून आलंय. तुझे आजोबा उभे राहून टाळ्या वाजवत होते. त्या म्हाताऱ्याला टाळ्या वाजवताना मी तेवढं एकदाच बघितलं.

आजोबा बहिणीकडंच मुक्कामाला राहिले. परतताना टेम्पोत यांना सतरंज्यांच्या गठ्ठ्याला टेकवून बसवलं होतं. वाटेत एका खड्ड्यात टेम्पो आदळला. त्यानंतर थोड्या वेळानं ते हळूच म्हणाले, "शीला, माझे हात कुठं हायत बघ." हात त्यांच्या मांडीवरच होते. मी ते माझ्या हातात घेतले होते, त्यांना कळत नव्हतं. बालाजीनं गाडी वळवायला सांगितली, तेव्हा त्या माणसानं आमच्याकडून शब्द घेतला. टेम्पोत झालं म्हणायचं, खड्ड्यानं झालं म्हणायचं, "बाच्या कानावर फेट्याचं जाऊ देऊ नका." नांदेडला डॉक्टरांनी तपासून पहिला प्रश्न विचारला, पडल्यावर याला उचललं कसं? बालाजी म्हणाला, हाताला धरून. डॉक्टर म्हणाले, आधी मानेला आधार द्यायचा असतो, आणि बालाजी काय ते समजला. त्यानंतर त्यानं बँजो हातात घेतलेला नाही. तुला वाटतं तो शेजारधर्म म्हणून रोज सकाळी पप्पांची कूस बदलायला येतो. तो आधी मानेखाली हात घालतो, मग खांद्याला हात लावतो, दरवेळी. आणि टेम्पो बजरंगचा होता. त्यानं गाडी बेफाम चालवली म्हणून साऱ्या झरीनं त्याला तोंडावर बोलून दाखवलं. तू तर त्याला रस्त्यात बघून थुंकली होतीस, आठवतं? तो घरी येऊन हुंदके देऊन रडला आणि म्हणाला, वहिनी, पोरीला सांगू नका, म्हाताऱ्याच्या कानावर जाईल. ज्याचा काही गुन्हा नाही तो माणूस खाली मान घालून फिरतोय, आणि त्याच्या भाकरीवर आमचं खोटं उभं आहे.

तू सुट्टीला घरी आलीस की खाटेवरून पप्पांनी तुला तोंडानं बोल सांगून ढोलकी शिकवली. तुझं बोट पानावरच्या काळ्या शाईच्या जरा अलीकडं पडलं तरी कान टवकारायचे. तू वाजवायला लागलीस की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मला कधी आणता आलं नाही, याचं मला थोडं वाईटही वाटायचं. पण तू पडीचं काढलंस की डोळे मिटून घ्यायचे, आणि तुला वाटायचं, पोरगी म्हणून. सांगणार कसं? पलीकडच्या खाटेवर आजोबा असायचे. आजोबांनी तो फेटा ट्रंकेत नव्यासारखा जपला होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, माझा पोरगा हे बांधून पडला आणि उठला, मी डोळ्यानं बघितलंय. जाण्याआधी त्यांनी तो तुझ्या हातात दिला आणि बापासारखं वाजव म्हणाले. तेव्हा मी मोरीत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. तुला वाटलं, सासऱ्यासाठी रडते.

आता सगळ्यात अवघड ते लिहिते. दिवाळीत तू मला फोनवर पप्पांचा एक व्हिडिओ दाखवलास, लाखो लोकांनी बघितलेला. त्यांच्या डोक्यावर निळा फेटा आहे. तू म्हणालीस, आई, बाकीच्यांपेक्षा यातली पडी सगळ्यात भारी आहे, बघ, बाकीच्यांत ते मान आत घेतात, यात कशी पार मागं सोडून दिलीय, आणि बोटसुद्धा किती उशिरा, लोक वेडे झालेत. मी हो म्हणून चुलीकडं वळले. संघू, तो व्हिडिओ त्याच कार्यक्रमाचा आहे. मान सोडून दिलेली नाही, ती मोडते आहे. त्यात जी बाई ओळ म्हणतेय ना, ती मोडलेल्या माणसाला ऊठ म्हणतेय. आणि तू परभणीला गच्चीवर गादी टाकून, कला समजून, तेच गिरवते आहेस.

परवा तू सरावाचा व्हिडिओ पाठवलास. पप्पांना दाखव, म्हणून खाली लिहिलंस. मी आधी स्वतः बघायला हवा होता, पण मला वाटलं, लेकीचं वाजवणं आहे, बघू देत. फोन त्यांच्या तोंडासमोर धरला. तू आजोबांचा फेटा बांधलेला, ढोलकी गळ्यात, आणि मागं वाकलीस. त्यांनी बघितलं आणि भिंतीकडं डोळे फिरवले. दुपारचं जेवले नाहीत. संध्याकाळी मी तोंड पुसत असताना म्हणाले, "तिची हनुवटी बघितलीस?" मी म्हटलं, बघितली. मग म्हणाले, "सांग तिला. बा आता न्हाई. पर माझ्यासमोर नगं." म्हणून हे पत्र, पोरी. मी पालमला येते. तोवर यांच्याजवळ बालाजी बसेल. तुझ्या मागं बसून मी सगळी गाणी म्हणेन, गळा बसला तरी म्हणेन, आणि तू खाली बसून अशी वाजव की पडीची आठवण कुणाला येऊ नये. तेवढं तुझ्या बोटात आहे, तुझ्या बापानं सांगितलंय. फेटा माझ्या हातात दे. त्याच्या आधी बजरंगकाकाला एक फोन कर. आणि एवढं लिहूनही तू स्टेजवर मागं वाकलीस, तर सारं पालम बघत असलं तरी मी तोंड मिटून बसेन. ती ओळ मी एकदा फार वेळ म्हटली आहे. जो उठू शकत नाही त्याला ऊठ म्हणायचं काम माझ्याकडून पुन्हा होणार नाही.

तुझीच,
आई